जिना संपल्यानंतरचे साडेतीन फूट

नदीकाठच्या एका गावी मुरलीशेठ नावाच्या गूळव्यापाऱ्याला घरामागच्या जिन्याला लोखंडी कठडा बसवून घ्यायचा होता, आणि त्याच्या नशिबी आले पंचक्रोशीतले सर्वांत सावकाश काम करणारे मिस्त्री. गेनबा मिस्त्री त्यांचे नाव. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी बसवलेला कठडा कधी हलला असे कोणी ऐकले नव्हते, आणि तो ठरल्या दिवशी बसला असेही कोणी ऐकले नव्हते. चटपटीत कारागीर सगळे बाजारपेठेतल्या नव्या इमारतीवर गुंतलेले होते, म्हणून शेठने निमूटपणे गेनबांना निरोप धाडला.

शेठचे घर उंचावर. मागच्या अंगणातून अकरा दगडी पायऱ्या नदीकडे उतरत. त्यांच्या पायथ्याशी थोडी सपाट फरशी आणि पुढे पाण्यावर आलेला लाकडी डेक. घरातली जुनी माणसे त्याला माचीच म्हणत. पूर्वी तिथे गुळाच्या ढेपा होडीत चढवत. आता होड्या गेल्या आणि शेठने फळ्या बदलून, पॉलिश मारून, तिथे चार खुर्च्या ठेवल्या होत्या. पाहुणे आले की म्हणत, "वा शेठ, काय जागा आहे!" आणि शेठ सुखावत.

परंतु त्या जागेवर खरा जीव होता तो शेठच्या आईचा. सगुणाबाई त्यांचे नाव, पण सारे गाव त्यांना आक्का म्हणे. त्यांचे माहेर समोरच्या काठावर, पानमळ्यांच्या वाडीत. पलीकडे त्यांचा एकुलता एक धाकटा भाऊ किसन राहत असे. आता त्याचीही सत्तरी उलटली होती. पूल बारा कोस खाली. गुडघे दोघांचेही कुरकुरणारे. भेट व्हायची ती वर्षातून एकदा, दिवाळीला. टेलिफोनचे म्हणाल, तर किसनमामांच्या कानांनी केव्हाच राजीनामा दिला होता. आणि आक्कांच्या डोळ्यांवर पडदा चढला होता. उजेड आणि अंधार एवढेच त्यांना कळे.

मग या बहीणभावाने आपली एक रीत बसवली होती. रोज दिवे लागायच्या आधी किसनमामा पलीकडच्या काठावर येत आणि हाक देत, "आक्का ओ!" पाण्यावरून हाक स्वच्छ येई. आक्का डेकच्या टोकाशी उभ्या राहत आणि पदर उंच धरून हलवीत. त्यांना तो दिसत नसे, पण ऐकू येई. त्याला त्या ऐकू येत नसत, पण दिसत. एवढ्यावर दोघांचा दिवस गोड होई.

दोन वर्षांपूर्वी आक्का पडल्या. खुब्याचे हाड मोडले. त्या उठून चालू लागल्या खऱ्या, पण मुरलीशेठने जिन्याचे नाव काढायला बंदी केली. सून म्हणे, "मी धरून नेते." आक्काच नको म्हणत. "कुणाच्या आधारानं गेले की त्याला वाटेल, आक्का आता दुसऱ्याच्या हातावर आली. उगाच जिवाला घोर लावून घेईल. गेले तर आपल्या पायांनी जाईन, नाहीतर इथं बरी आहे." आणि अंगणातल्या बाकावर नदीकडे तोंड करून त्या बसून राहत. अंगणापर्यंत हाक येत नसे. घरासमोरच्या रस्त्याचा गोंगाट ती बुडवून टाकी. किसनमामांच्या नातवाला शेठने फोनवर दहा वेळा सांगितले की आजोबांना समजाव, आक्का आता खाली येत नाही. नातू म्हणे, "समजावलं हो. मान डोलावतात, आणि संध्याकाळ झाली की काठी घेऊन निघतात."

तर शेठची मागणी अशी होती: डेकला चहूबाजूंनी कठडा, जिन्याला कठडा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जिन्याच्या माथ्यावर लोखंडी फाटक. कुलूप लावता येईल असे.

"आधी फाटक बसवा मिस्त्री," शेठ म्हणाले. "मी पेढीवर असतो, माझं निम्मं लक्ष इकडे. आई कधी उठून चालू लागेल, नेम नाही."

गेनबांनी फाटकाचे माप घेतले.

त्यांच्याबरोबर होता नवनाथ. त्यांचा शिष्यच म्हणायचा, पण कोवळा मुलगा नव्हे. चाळिशीला टेकलेला गडी. शहरातल्या कारखान्यात पंधरा वर्षे वेल्डिंग केलेले. कारखाना बंद पडला तसा गावी आला आणि गेनबांच्या हाताखाली शिकू लागला. त्याचा हात सफाईचा होता. त्याने अकरा पायऱ्या मापल्या, उतार काढला, वहीच्या एका पानावर 'जिना' असे लिहून नकाशा काढला, पान उलटले, 'डेक' असे लिहून दुसरा काढला, आणि सहा दिवसांत वर्कशॉपमध्ये दोन्ही कठडे उभे केले. प्रत्येक खांब ओळंब्यात. प्रत्येक सांधा घासून गुळगुळीत. फाटकही तयार. असे काम की कारखान्यातल्या साहेबाने पाठ थोपटली असती.

गेनबांनी एक फेरी मारली. म्हणाले, "छान झालंय. राहू दे इथंच. उद्या चार बांबू, एक जुनं धोतर आणि वाटीभर गेरू घे."

नवनाथला वाटले, म्हाताऱ्याची चेष्टा चालली आहे. चेष्टा नव्हती. दुसऱ्या दिवशी गेनबांनी नवनाथच्याच नकाशाबरहुकूम, जिथे खांब यायचे तिथे खुंट्या रोवल्या आणि कठड्याच्या जागी बांबू बांधले: जिन्याचा बांबू शेवटच्या पायरीपर्यंत, डेकचा बांबू डेकपासून पुढे. वरून धोतराच्या पांढऱ्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या. मग आक्कांसमोर उकिडवे बसून त्यांनी गेरू पाण्यात कालवला.

"आक्का, उजवा हात द्या. तळव्याला हे लावतो, आणि मग तुम्ही खाली उतरून बघायचं. रोज संध्याकाळी, तीन दिवस."

"या वयात मेंदी लावतोस होय रे मिस्त्री?" आक्का खुदकन हसल्या. पण हात पुढे केला तो लगेच. दोन वर्षांत त्यांना कोणी 'आपल्या पायांनी उतरा' म्हटले नव्हते.

शेठ मात्र तडकले. "मिस्त्री, डोकं ठिकाणावर आहे का? मी फाटक सांगितलं, तुम्ही आईला खाली पाठवताय?"

"सूनबाई दोन पायऱ्या मागं राहतील. मी खाली उभा. पडू देत नाही," गेनबा म्हणाले. "पण हात कुणी धरायचा नाही. मला त्यांच्याच हाताचं माप पाहिजे. तीन दिवसांनी तुम्ही म्हणाल तसं."

पहिल्या संध्याकाळी आक्का उतरू लागल्या. नवनाथ खालीच, फरशीच्या कडेला उभा होता. वरच्या पायऱ्यांवर त्या बांबू आवळून धरीत होत्या. सहाव्या पायरीवर थांबल्या. आणि त्याच वेळी पलीकडून, पाण्यावरून आली ती हाक.

"आक्का ओ!"

आक्कांचा चेहरा असा उजळला की नवनाथला बघवेना. "किसना आहे," त्या कोणालाच उद्देशून नव्हे असे म्हणाल्या. "आहे तो. आलाय." मग भराभर उतरल्या. शेवटची पायरी आली, बांबू संपला. आक्कांचा हात पुढच्या हवेत चाचपडला. डावीकडे, उजवीकडे. पुन्हा बांबूच्या टोकाशी आला. समोर साडेतीन फूट सपाट फरशी होती, पुढे डेकचा बांबू, आणि तिथून दहा पावलांवर ते टोक, जिथून किसनमामांना त्या दिसल्या असत्या. चिंचेचे झाड मध्ये असल्याने जिन्यावरची माणसे पलीकडून दिसत नसत.

पलीकडची हाक आणखी दोनदा आली. आक्का वळल्या आणि जिना चढू लागल्या.

"बघा!" वरून शेठ म्हणाले. "स्वतःच परत फिरते. घाबरली आहे बिचारी. म्हणून सांगतो, फाटक लावा."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या दिवशी नवनाथला राहवले नाही. तो ओरडणारच होता, 'आक्का, पुढं सपाट आहे, या की!' गेनबांनी त्याचे मनगट धरले.

"आज तू सांगशील. उद्या कोण सांगणार?" ते हळूच म्हणाले.

हाक विरत गेली तशी नवनाथला आपले घर आठवले. त्यालाही एक बहीण होती. छबूताई. दोन तालुके ओलांडून दिलेली. आई होती तोवर दर दिवाळीला यायची, आठ-आठ दिवस राहायची, माय-लेकींच्या गप्पा संपत नसत. आई जाऊन चार वर्षे झाली. त्या पहिल्या दिवाळीला ती आली आणि दुसऱ्याच दिवशी निघाली. नंतर आलीच नाही. घरात कोणी तिला वावगे बोलले नव्हते. खरे तर, कोणी काही बोललेच नव्हते. नवनाथच्या मनात एवढेच होते की तिचाही संसार आहे, यायचे तेव्हा येईल. आणि तरी सणासुदीला ताटावर बसले की त्याचे लक्ष दाराकडे जाई. जेवण गोड लागत नसे.

चौथ्या दिवशी सकाळी गेनबांनी शेठला आणि नवनाथला जिन्यावर बोलावले. आक्का बाकावर होत्याच. म्हातारबाबांनी पांढऱ्या पट्टीवरचे लाल ठसे बोटाने दाखवायला सुरुवात केली.

"हे वरचे बघा. अंगठा खालून आलाय, चारी बोटं वरून. घट्ट मूठ. इथं भीती आहे. पण ठसे एकापुढं एक आहेत, म्हणजे भीती धरूनही हात पुढं चाललाय. आता ही सहावी पायरी. इथं मूठ नाहीच. नुसता तळवा टेकलाय, बोटं पसरलेली. इथं त्यांना भावाची हाक आली. आणि आता खाली या."

तिघे खाली आले. बांबूच्या टोकाला पट्टी अशी माखली होती की पांढरा धागा दिसत नव्हता. ठशावर ठसे. बांबूच्या कापलेल्या तोंडावरसुद्धा गेरू लागला होता. आत बोट घालून पाहिल्यासारखा.

नवनाथ त्या लाल तोंडाकडे बघत राहिला.

"शेठ," गेनबा म्हणाले, "आक्का दोन वर्षांपूर्वी कुठं पडल्या?"

"जिन्यावर."

"कितव्या पायरीवर?"

उत्तर वरच्या बाकावरून आले. "जिन्यावर कुठली पडते मी! अकराच्या अकरा उतरले होते. मला वाटलं, अजून एक आहे. पाय टाकला तर खाली जमीनच. तिथं तोल गेला. पण मला विचारलं कुणी? सगळे म्हणाले, जिन्यावर पडली, जिन्यावर पडली."

"अकरा पायऱ्या त्यांना अडवत नाहीत," गेनबा म्हणाले. "खरी भीती आहे ती जिना संपल्यानंतरची. नवनाथ, तुझं काम नेटकं आहे, त्यात खोट नाही. जिन्याचा कठडा जिन्याबरोबर संपवलास, डेकचा डेकपासून सुरू केलास. वहीत दोन पानं, म्हणून कठडेही दोन. पण उतरणारं माणूस पानं उलटत नाही रे. त्याला एकाच जागी जायचं असतं. हाताखालचं लोखंड संपलं की त्याला वाटतं, वाट संपली. म्हणून आधार पायरीच्याही पुढं जायला पाहिजे, पुढचा आधार हाताला लागेपर्यंत. आणि शेठ, तुम्ही म्हणता आई घाबरून परत फिरते. घाबरलेलं माणूस तीन दिवस त्याच जागी येऊन चाचपडत नाही. तो हात पुढचं मागत होता. फाटक लावलं तर आक्का पडणार नाहीत, हे खरं. त्या पोचणारही नाहीत."

शेठने बांबूच्या टोकावर हात ठेवला. गेरू ओला नव्हता, तरी त्यांनी तळवा उलटून पाहिला. "आई पडू नये, एवढंच मी बघत बसलो," ते म्हणाले.

"ते बघायलाच पाहिजे. फाटक तयार आहे," गेनबा म्हणाले. "बसवायचं की नाही, ते काम झाल्यावर सांगा."

परतताना नवनाथने विचारले, "उस्ताद, तुम्हाला हे आधीच माहीत होतं ना? मग पहिल्याच दिवशी का नाही बोललात? तीन दिवस वाया गेले."

"माहीत असतं तर बांबू कशाला बांधले असते? मलाही जिनाच वाटला होता," गेनबा म्हणाले आणि पानाला चुना लावू लागले.

मग कामाला गती आली. म्हणजे गेनबांची गती. नवनाथने नळी तापवून वाकवली. जिन्याच्या उतारातून ती अलगद सपाटीवर आली, साडेतीन फूट पुढे गेली आणि डेकच्या कठड्याला मिळाली. सहाव्या पायरीपाशी गेनबांनी नळीवर तळहाताएवढी चपटी पट्टी बसवायला लावली. "इथं त्या थांबणार. थांबणाऱ्या हाताला जागा पाहिजे." खांब बोल्टने फरशीत आणि तुळयांत आवळले. शेवटी नवनाथने कापसाचा बोळा घेऊन वरच्या टोकापासून डेकच्या टोकापर्यंत फिरवला. कापूस कुठे अडकला तर तिथे धातूचे कुसळ राहिले आहे असे समजायचे. चार ठिकाणी अडकला. चार ठिकाणी त्याने पुन्हा घासले. नव्या सांध्यावर तर त्याने दहा वेळा बोळा फिरवला. इतका जीव त्याने कुठल्या कामात ओतला नव्हता, आणि का ओततो आहोत हे त्याला त्या वेळी सांगता आले नसते.

ज्या दिवशी रंग वाळला त्या संध्याकाळी आक्कांनी धुवट पांढरे लुगडे नेसले. सून मागे निघाली तर म्हणाल्या, "तू वरच थांब गं." शेठच्या कपाळावर आठी आली, पण त्यांनी आईला जाऊ दिले.

आक्का उतरल्या. सहाव्या पायरीवर पट्टीवर तळवा टेकून थांबल्या. आज हाक अजून आली नव्हती. त्या खाली आल्या. शेवटच्या पायरीवर हात सवयीने अडखळला आणि... लोखंड होते. थंड, गुळगुळीत, पुढे जाणारे. आक्कांनी बोटे पुढे सरकवली. अजून होते. एक पाऊल टाकले. अजून होते. साडेतीन फूट ओलांडून आक्कांची पावले लाकडावर वाजली, तेव्हा नवनाथला तो आवाज देवळातल्या घंटेसारखा वाटला.

टोकाशी पोचल्यावर त्या उभ्या राहिल्या. वाट पाहत. दोन वर्षे तो वाट पाहत होता, आज त्या पाहत होत्या. पलीकडे काठी टेकत कोणी येताना नवनाथला दिसले. म्हाताऱ्याने तोंडापाशी हात नेला. "आक्का..." आणि पुढचे त्याच्या तोंडून निघेचना. आक्कांनी डाव्या हाताने पदर उंच धरला आणि जोरजोरात हलवला.

मग हाका सुरू झाल्या. एक, दोन, पाच, सात. "आक्का ओ! आक्का ओ! आक्का!"

"अरे हो हो, ऐकू येतंय मला!" आक्का हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी गळत होते. "आवाज किती बसलाय मेल्याचा! गुळण्या कर म्हटलं तर कधी ऐकणार नाही. लहानपणापासून हट्टी." पलीकडच्याला यातले अक्षर ऐकू गेले नाही. तो हाका मारत राहिला.

मुरलीशेठ वर अंगणात लहान मुलासारखे रडत होते. फाटकाचे त्यांनी पुढे कधी काही सांगितले नाही. ते अजून गेनबांच्या वर्कशॉपमागे उभे आहे. त्यावर दरवर्षी दोडक्याचा वेल चढतो.

सामान आवरून दोघे निघाले, तो नवनाथ मध्येच थांबला. आई गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीची गोष्ट त्याला आता दिसत होती, आणि त्या वेळी ती डोळ्यांसमोर घडूनही दिसली नव्हती. छबूताई स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला हात लावून उभी होती. आत गेली नाही, बाहेरही आली नाही. आई तिथेच बसायची. ताईने एकदा फडताळाला हात लावला, एकदा जात्याला. मग त्याच्याकडे पाहिले. तो टीव्हीसमोर होता. म्हणाला होता, "बस की." एवढेच. दुसऱ्या दिवशी ती निघाली, आणि त्याला वाटले होते, तिला सासरची ओढ लागली असेल.

"उस्ताद," तो म्हणाला, "आई संपली तिथं माहेर संपलं, असं वाटलं असेल हो तिला. मी साडेतीन फुटांवर बसलो होतो."

गेनबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिले. कोणाविषयी चालले आहे, हे त्यांनी विचारले नाही. "मग फोन आहे ना खिशात?" ते म्हणाले, आणि त्याच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेऊन पुढे चालू लागले.

नवनाथने तिथेच, रस्त्याच्या कडेला उभे राहून फोन लावला.

"नवनाथ? काय रे, सगळं बरं आहे ना?" तिकडचा आवाज घाबरलेला होता. चार वर्षांत त्याने बिनकामाचा फोन केला नव्हता.

"बरं आहे, ताई. दिवाळीला मी तुला न्यायला येतोय. मी स्वतः. वसुबारसेलाच."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज.

"किती दिवसांसाठी?"

"तू कंटाळशील तोवर."

छबूताई म्हणाली, "येताना मोकळ्या हातांनी ये. चार वर्षं आईसारखंच लोणचं घालतेय, आणि दर वर्षी एक बरणी तुझ्या नावाची बाजूला काढून ठेवते. चारही धरून न्याव्या लागतील तुला."